एक्केचाळीस पिवळे, एक लाल

गुरुवारची सकाळ होती. गुरुवार म्हणजे कंपनीला सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे कस्तुराच्या हातचे पोहे, हा काळेवाडीच्या त्या दोन खोल्यांतला सोळा वर्षांचा नेम. कढईत मोहरी तडतडली होती, कस्तुरा हळदीचा चमचा हातात धरून उभी होती, आणि नेमक्या त्याच वेळी तिची धाकटी बहीण अंजली स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जुनं पुस्तक, आणि चेहरा असा, की जणू घरात कुणीतरी वारल्याचा निरोप आलाय!

"ताई, हे पिवळं काय आहे?"

कस्तुराला आधी वाटलं, हळद सांडली असेल. तसं ती म्हणालीसुद्धा. मग अंजलीनं पान तिच्या डोळ्यांसमोर धरलं. समासात, ओळीच्या अगदी शेजारी, एक गोल, चकचकीत ठिपका होता. पुढं चार पानांवर आणखी एक. मग आणखी एक... कस्तुराच्या हातातला चमचा हातातच राहिला.

"बेचाळीस आहेत," अंजली म्हणाली. "मोजलेत मी."

पुस्तक साधं नव्हतं. अंजली विद्यापीठात मराठीची पीएच.डी. करत होती आणि तिच्या मार्गदर्शक रुक्साना मॅडमनी ते स्वतःच्या कपाटातून काढून दिलं होतं. त्यांच्या वडिलांची प्रत. पहिल्या पानावर त्यांची निळ्या शाईतली सही. भैरू नावाच्या एका पोराची ती कादंबरी आता बाजारात कुठंच मिळत नव्हती. अंजलीचा विषयही तसाच होता : कादंबऱ्यांमधली तरुण मुलंमुली संकटांतून कशी घडतात आणि घरचे लोक त्यांना कसे तोलून धरतात. त्यातलं घरच्या आधाराचं प्रकरण मॅडमनी दोनदा परत पाठवलं होतं. शनिवारी पुस्तक आणि प्रकरण, दोन्ही द्यायचं होतं, आणि या वेळीही जमलं नाही तर विषयच बदलू या, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तीन वर्षांची मेहनत त्या एका शनिवारावर येऊन टेकली होती.

ठिपके कस्तुरानंच दिले होते. नाकारायचं कसं?

चाकणच्या ज्या कंपनीत ती होती, तिथं गाड्यांच्या वायरिंगची जुळणी चाले, आणि कस्तुरा तपासणीच्या टेबलावर होती. काम सांगायला सोपं. वायरीचं टोक कनेक्टरमध्ये नीट गेलंय का बघायचं. ढकलायचं, 'टिक्' ऐकायचं, आणि मग हलकं ओढून बघायचं. निघालं नाही म्हणजे बसलं. बसलं की मार्करचा पिवळा ठिपका द्यायचा आणि पुढचं घ्यायचं. दिवसाला असे किती ठिपके तिच्या हातून जात, ते तिला स्वप्नातसुद्धा दिसत. खिशात लाल मार्करही असे, पण तो क्वचित निघे.

आणि कंपनीच्या बसमध्ये ती वाचत असे. हे अंजलीला ठाऊक नव्हतं. अंजलीला वाटे, ताई बसमध्ये झोपते. प्रत्यक्षात अंजलीनं घरात आणलेली एकेक कादंबरी कस्तुरा पिशवीत घालून नेई, मोशीच्या सिग्नलला बस अडकली की तिला मनातून आनंद होई, आणि अंजली विद्यापीठातून घरी यायच्या आत पुस्तक जागच्या जागी ठेवलेलं असे. लपूनछपून वाचायचं काय कारण? कारण होतं. सोळा वर्षांपूर्वी तिनं घरात जाहीर केलं होतं, की मला पुस्तकांचा कंटाळा येतो. आता एकदा कंटाळा येतो म्हणून सांगितलं, की माणसाला कंटाळा आल्यासारखं वागावंही लागतं ना...

मागच्या आठवड्यात टेबल पुसताना तिला अंजलीचं परत आलेलं प्रकरण दिसलं. वर मॅडमनी लिहिलं होतं, 'संकटं सगळी सापडली तुला. आधार कुठंय? पानं दाखव.' कस्तुराला नवल वाटलं. तिला तर तो पानोपानी दिसत होता! दुसऱ्या दिवशी बसमध्ये भैरूची गोष्ट उघडली, आणि एका ओळीशी येऊन हात आपोआप खिशातल्या मार्करकडे गेला. ही ओळ बसलीय. ठिपका. तिनं ठरवलं होतं, की सगळे पान-नंबर एका चिठ्ठीवर उतरवून अंजूच्या वहीत गुपचूप सारायचे आणि ठिपके पुसून टाकायचे. कंपनीत प्लॅस्टिकवरचा ठिपका ओल्या फडक्यानं निघतो. कागदावरचा निघत नाही, कागद तो पिऊन टाकतो, हे तिला कुठून माहीत असणार?

यातलं काहीच तिला धड सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, की तुझ्या उपयोगाला येईल असं वाटलं.

अंजली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुला काय कळतं गं यातलं? तुला कंटाळा आला, तू सोडून दिलंस. मला तर करू दे नीट."

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे वडील, जयसिंग, एकदम उठून दारात आले. "अंजे, तुला काय माहीत हाय—" एवढंच ते बोलले, आणि कस्तुरानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत आर्जव होतं, धाक होता, आणि सोळा वर्षांपूर्वी घातलेली शपथ होती. म्हातारा पुन्हा वर्तमानपत्राकडे वळला.

पोहे त्या दिवशी कढईतच राहिले.

सोळा वर्षांपूर्वी... आईला जाऊन चार महिने झाले होते. जयसिंगची कंपनी बंद पडली होती आणि ते दिवसभर भिंतीकडे बघत बसत. कस्तुरा सतरा वर्षांची, बारावीला. परीक्षेचं हॉल तिकीट घरात येऊन पडलं होतं, आणि नेमक्या पहिल्या पेपरच्याच दिवशी चाकणच्या कंपनीनं कामावर हजर व्हायला बोलावलं होतं. दहा वर्षांच्या अंजूला कुठून तरी कुणकुण लागली. ती हुंदके देत म्हणाली होती, ताई शाळेत जाणार नसेल तर मीपण जाणार नाही. आणि ती पोर हट्टाची अशी, की खरंच गेली नसती! तेव्हा कस्तुरानं हसून सांगितलं, अगं वेडे, मला कंटाळाच येतो पुस्तकांचा, सुटले एकदाची. अंजू रडायची थांबली. पुढं मोठी झाली तशी ती मैत्रिणींत गमतीनं सांगू लागली, आमच्या ताईला अभ्यासाचा भारी कंटाळा. कस्तुराही हसे. ते खोटं तिनं लेकरासारखं वाढवलं होतं, आणि आज त्याच लेकरानं उलटून तिच्या अंतःकरणावर घाव घातला होता... दोष तरी कुणाला द्यायचा?

दुपारी ती खाली गेली. त्यांच्या इमारतीच्या तळाशी अय्याजचं गॅरेज होतं. त्याच्याकडून तिनं बाटलीभर थिनर मागून आणलं. काय रंगवताय ताई, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, रंगवत नाही रे बाबा, रंगवलेलं निस्तरतेय. घरी येऊन तिनं कापसाच्या बोळ्यानं एक ठिपका पुसला. ठिपका फिकटला, पण शेजारचा अर्धा शब्दही घेऊन गेला. अंजलीनं मुकाट्यानं पुस्तक आणि बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, राहू दे, मी करते. त्या 'राहू दे'मध्ये राग नव्हता. नुसता थकवा होता, आणि तोच कस्तुराला जास्त लागला.

शुक्रवारी तिची पहिली पाळी होती. बसमध्ये शेजारी नेहमीप्रमाणे सलिमा बसली. कस्तुरा वाचणार आणि जाता-येता सलिमाला गोष्ट सांगणार, असा त्या दोघींचा रिवाज. आज कस्तुराच्या मांडीवर नुसती डब्याची पिशवी बघून सलिमा म्हणाली, "काय गं, भैरू मेला का?"

"सुट्टीवर गेलाय."

"त्याला कसली सुट्टी? त्याचा तर निकाल लागायचाय."

कस्तुरा खिडकीबाहेर बघत राहिली. सलिमानं आपल्या डब्यातला शिरखुर्मा मात्र जेवायच्या सुट्टीत अर्धा तिच्याकडे सरकवला. त्या दिवशी कस्तुरानं प्रत्येक वायर दोनदा ओढून पाहिली. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, आज काय वायरींवर राग आहे का.

पाच वाजता ती घरी पोचली. मनाशी ठरवून आली होती, की अंजूची माफी मागायची, मॅडमकडे स्वतः जायचं, जे ऐकून घ्यावं लागेल ते ऐकायचं. पण तिच्या अभ्यासाची माती होऊ द्यायची नाही.

बाहेरच्या खोलीत अंजली जमिनीवर बसली होती. समोर पुस्तक, कापूस, आणि थिनरची बाटली, झाकण घट्ट लावलेली. शेजारी वही. जयसिंग खुर्चीत, टीव्ही बंद. टीव्ही बंद बघून कस्तुरा दारातच थांबली.

"बस," अंजली म्हणाली. डोळे लाल होते. "काल तुझा एक गेला, माझा एक गेला. चाळीस शिल्लक आहेत."

"अंजू, मी मॅडमना—"

"आधी ऐक." अंजलीनं वही उचलली. "ठिपका पुसायचा तर शेजारची ओळ वाचावी लागते, अक्षर जाऊ नये म्हणून. मी वाचत गेले. पान एकवीस. भैरूला एस.टी.त बसवून द्यायला मामा कोसभर चालत येतो, आणि म्हणतो, मला इकडं कामच होतं. ठिपका. पान अडुसष्ट. वहिनी कंदिलाची काच त्याच्या बाजूनंच पुसते. ठिपका. पान एकशे चार. बाप मुलाचं पत्र न वाचता सदऱ्याच्या खिशात ठेवतो, कारण वाचता येत नाही हे त्याला पोराला कळू द्यायचं नाही. ताई, मी हे पुस्तक तीनदा वाचलंय. मला एवढंच दिसलं, की भैरू किती सोसतो. त्याच्याभोवती कोण काय करतंय, ते मला दिसलंच नाही."

कस्तुरा पदराशी चाळा करत राहिली.

"आणि हा एकच लाल आहे. पान एकशे त्रेसष्ट." अंजलीनं पुस्तक तिच्याकडे वळवलं. "लाल म्हणजे काय?"

कामाचं विचारलं म्हटल्यावर कस्तुराच्या जिवात जरा जीव आला. "लाल म्हणजे वरून बसल्यासारखं दिसतं, पण आत बसलेलं नसतं. परत तपासायला पाठवायचं."

"इथं तर थोरला भाऊ सरळ सांगतो, की मला शाळेचा कंटाळाच होता, भैरूला जाऊ दे. लेखकानं कुठं म्हटलंय, तो खोटं बोलतोय म्हणून?"

"म्हणायला कशाला पाहिजे? बघ ना, बोलताना तो सायकलची चेन बसवतोय. ज्याला खरंच कंटाळा आलेला असतो, तो वर बघून सांगतो. खाली बघून, हाताला काम लावून कुणी—"

आणि ती थांबली. आपल्याच तोंडून काय निघून गेलं, हे कळायला तिला एक क्षण लागला.

अंजली तिच्याकडे एकटक बघत होती. "ताई... तू गवार मोडत होतीस."

कस्तुरानं पुस्तक हळूच मिटलं.

"तू गवार मोडत होतीस, परातीत बघून. मी दारात रडत उभी होते. तू हसलीस, पण वर पाहिलंच नाहीस. एवढी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे, परात, गवार, तुझी वेणी... आणि मी लोकांना सांगत हिंडले, आमच्या ताईला कंटाळा." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "का नाही सांगितलंस कधी?"

कस्तुरा तिच्याजवळ सरकली. "सांगितलं असतं तर तू शिकली असतीस का? आणि शिकली असतीस, तरी प्रत्येक पुस्तक उघडताना तुला वाटलं असतं, हे ताईचं आहे. मला वाटलं, तुझं तुझंच असू दे."

"सोळा वर्षं माझ्या तोंडाला कुलूप लावलंय हिनं," जयसिंग खुर्चीतून म्हणाले. "हॉल तिकीट मीच उचलून ठेवलं. माझ्या कंपनीच्या ओळखपत्राच्या पाकिटात हाय. काढून दावायची सोय न्हवती, फेकून द्यायला हात झाला न्हाई."

कस्तुरानं चमकून बापाकडे पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं! तिला वाटत होतं, त्या दिवशी ते केराबरोबर गेलं. सोळा वर्षं तिनं एक गोष्ट मनात दडवली आणि तिच्या बापानं पाकिटात, आणि दोघं रोज एकाच ताटलीतून भाकरी उचलत राहिले... इतक्या वर्षांत जी रडली नव्हती, ती कस्तुरा त्या वेळी रडली, धाकटीच्या खांद्यावर डोकं ठेवून, थोरलेपण विसरून. अंजली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसा सोळा वर्षं कस्तुरानं तिच्या पाठीवरून फिरवला होता.

पुष्कळ वेळानं अंजलीनं सांगितलं, की दुपारीच तिनं रुक्साना मॅडमना फोन करून सगळं कबूल केलं होतं. मॅडम आधी दुखावल्याच होत्या. मग त्यांनी एकेका ठिपक्याची ओळ वाचून दाखवायला लावली. दहाव्या ओळीनंतर म्हणाल्या, पुढचे पुसू नकोस, आमचे अब्बाही समासात खुणा करायचे, पण पेन्सिलीनं, त्या कधीच उडाल्या. पुस्तक तोवर राहू दे तुझ्याकडे, प्रकरणाला आणखी पंधरा दिवस घे, आणि खुणा करणारीला एकदा घेऊन ये.

"मला?" कस्तुरा घाबरून म्हणाली. "मी काय बोलू तिथं?"

"जे सलिमादीदीला बसमध्ये बोलतेस ते." आजच तर खाली अय्याजनं अंजलीला सांगितलं होतं, की त्याची बायको सलिमा ताईच्याच बसला असते आणि ताईनं सांगितलेली भैरूची गोष्ट रोज घरी येऊन सांगते. "सगळ्या काळेवाडीला ठाऊक होतं ताई, फक्त मला नव्हतं." आणि डोळे पुसता पुसता ती हसली. "आणि बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म मिळतो, बाहेरून बसणाऱ्यांना. मी चौकशी करणार आहे. हो-नाही आत्ता म्हणू नकोस."

कस्तुरा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं विचारलं, तुमच्यापैकी कुणी जेवलंय का सकाळपासून. कुणीच जेवलं नव्हतं. ती उठायला लागली, तशी अंजलीनं तिच्या करंगळीत आपली करंगळी अडकवली आणि हलकेच ओढली.

"हे काय?"

"बघतेय. निघत नाही."

मग अंजलीनं ताईच्या पिशवीतून पिवळा मार्कर शोधून काढला, आणि तिच्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या जरा खाली, एक ठिपका दिला. गोल, चकचकीत.

शनिवारी सकाळी बसमध्ये सलिमानं तो पाहिला आणि विचारलं, हे काय लावून घेतलंस. कस्तुरा म्हणाली, तपासणी झाली. आणि पिशवीतून पुस्तक काढून एकशे त्रेसष्टावं पान उघडलं.

जेवायच्या सुट्टीत हात धुताना तिनं तेवढी जागा सोडून बाकीचा हात धुतला.