क्रमांक चारशे तेरा

पुढे सरका, आणि मध्येच "मग?" करू नका. गोष्ट आमच्या साहेबांची आहे. त्यांच्या वनस्पती संग्रहालयात मी तीस वर्षं वाळलेली झाडं कागदावर चिकटवली, तेव्हा मला शिकवू नका.

शनिवार, सतरा मार्च. रात्रीचे पावणेदहा. साहेब किरकोळ कामाला आले होते. डोंगरातल्या रानटी लिलीच्या कागदावरची जुनी चिठ्ठी काढायची, स्वतःच्या नावाची लावायची, बस्स. सोमवारी तपासणी होती. लिलीची जात नवी ठरली की शोधणाऱ्याचं नाव कायमचं होणार होतं.

आमच्यात जुनी चिठ्ठी कधीच काढत नाहीत. चुकीची असली तरी नवी शेजारी लावतात. साहेबांना हे ठाऊक नव्हतं थोडंच!

चिठ्ठीवर नाव होतं लंबूचं. त्यांचा मदतनीस, भला माणूस. नऊ वर्षांपूर्वी ही लिली काढायला साहेबांनीच त्याला दोराला बांधून कड्यावरून खाली सोडलं होतं. उतरताना तो दर वेळी विचारायचा, "साहेब, धरलाय ना?" त्या दिवशी लिलीची पिशवी वर आली. लंबू आला नाही. साहेब म्हणाले, हाताला रग लागली, दोर सुटला. ती रग नेमकी पिशवी वर आल्यावरच कशी लागली, हे अजून माझ्या डोक्यात सलतं. प्रत्येक जण आपल्या नमुन्यांना ओळीनं क्रमांक देतो. लंबूचा या लिलीपाशी, चारशे बारावर थांबला.

साहेबांनी चिठ्ठी ओली केली. पात्यानं खरवडली. नाव गेलं.

बोटांना पिवळं काहीतरी लागलं. परागकण... ताजे. लिली तर नऊ वर्षं वाळलेली.

दिवा चालूच होता. कपाटांमागून आवाज आला.

"साहेब... धरलाय ना?"

साहेबांनी बोटं सदऱ्याला पुसली.

"धरलाय ना?"

...

"बरं. आता मी धरतो."

सकाळी साहेब जमिनीवर सापडले. जिवंत. पण उजवा हात मनगटापासून वाळलेला, चपटा, दाबून ठेवलेल्या पानासारखा. डॉक्टरांनी हात टेकले. हे सगळं साहेबांनीच मला सांगितलं, डाव्या हातानं डोळे पुसत. मला दया आली नाही.

टेबलावर एक नवा कागद होता. कोपऱ्यात लंबूचं अक्षर, शाई ओली. क्रमांक चारशे तेरा. सतरा मार्च. गोळा करणारा म्हणून त्याचंच नाव.

बाकी कागद कोरा. फक्त चिकटपट्टीचे पाच तुकडे, एकेका बोटाच्या मापाचे. मी लावलेले नाहीत.