मगाच्या बुडावरची खूण

"मिरची, ऊठ! कोणीतरी येतंय!"

"थांब रे भोंग्या! दिसतंय, दिसतंय मला!"

युद्धस्मृती दालनाच्या गार फरशीवर मिरची उताणी पडली होती आणि काचेच्या कपाटाखालून वर बघत होती. तुम्ही म्हणाल, दालनात लोक उभे राहून बघतात, मग ही कार्टी आडवी का? तर कपाटाचा तळही काचेचा होता, आणि त्यावर एक पोचे पडलेला पत्र्याचा मग ठेवला होता. शेजारी पाटी होती: ‘पुलाच्या लढाईच्या जागी सापडलेला. अज्ञात सैनिकाचा.’

अगदी असाच मग मिरचीच्या आजोबांकडे घरी होता. आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मगाच्या बुडावर शेपूट असलेला एक त्रिकोण कोरलेला होता आणि त्रिकोणात तीन ठिपके. "आपल्या घराची खूण कधी समोर करायची नाही, कायम बुडाशी. आणि प्रत्येक पिढीनं एक ठिपका वाढवायचा," असं ते नेहमी सांगायचे.

मिरचीनं डोळे ताणले. वरच्या मगाच्या बुडाशीही शेपटीचा त्रिकोण होता. आणि आत तीन ठिपके!

ती ताडकन उठली ती कपाटावर डोकं आपटूनच. "आई गं! भोंग्या, हा थोरल्या आजोबांचा मग आहे!"

भोंगा म्हणजे तिचा आतेभाऊ. त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "काय?" तो असा ओरडला की चार कपाटांच्या काचा थरथरल्या. त्याची धाकटी बहीण गोचीड (एकदा मागे लागली की सुटत नाही, म्हणून हे नाव) तोंड उघडं टाकून बघत राहिली.

थोरले आजोबा म्हणजे आजोबांचे सख्खे मोठे भाऊ. पुलाच्या लढाईत गेले ते परत आलेच नाहीत. ना देह सापडला, ना निरोप आला. सरकारदरबारी त्यांच्या नावापुढे ‘फरारी’ असा शेरा बसला. गावानं तर सरळ ‘पळपुटा’ म्हणून टाकलं. त्या दिवसापासून आजोबा सैनिकांच्या एकाही समारंभाला गेले नव्हते. आज संध्याकाळी पूल लढवणाऱ्यांच्या नावांची नवी शिळा बसणार होती. तिच्यावर सगळी नावं होती, एवढं एक सोडून. मुलांनी हट्ट केला म्हणून आजोबा दालनाच्या दारापर्यंत आले होते, पण पायरी काही चढले नव्हते.

"पोरांनो, हा काय तमाशा?" दालनाचे व्यवस्थापक लगबगीनं आले. समारंभाच्या धांदलीत त्यांच्या शर्टाची बटणंही खालीवर लागली होती.

मिरचीनं एका दमात सगळं सांगितलं. व्यवस्थापक हसले. "अगं, ती तुरुंगाची खूण आहे. कोपऱ्यावरचा जुना तुरुंग माहीत आहे ना? तिथे कैदी भांडी बनवायचे. त्यांचाच शिक्का हा. असे मग कोणाकडेही असतील!"

"तुम्ही तपासलंत?"

"तपासायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे!"

मिरची दाराकडे धावली. "आजोबा, तुम्हीच सांगा ना यांना! ही आपली खूण आहे ना?"

दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत कोणाशीही हिरिरीनं भांडणारे आजोबा! पण आज त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दारातूनच त्या मगाकडे बघितलं आणि ते म्हणाले, "चला घरी." बस्स! आणि काठी टेकत चालू लागले.

"आजोबा मूग गिळून गप्प?" भोंगा म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय!"

"ते नंतर बघू," मिरची म्हणाली. "आधी तुरुंग गाठू. तुरुंगाचा शिक्का असेल तर तुरुंगात सगळीकडे हाच दिसायला हवा. नसेल, तर व्यवस्थापकांची थाप उघडी पडेल!"

जुना तुरुंग पाडायचं काम चालूच होतं. तिथे बाजार होणार होता. अर्ध्या भिंती आडव्या झाल्या होत्या. जेसीबी घरघरत होता, धुळीनं समोरचं दिसत नव्हतं आणि निघालेले दगड ट्रकमधून खडीच्या यंत्राकडे चालले होते. मुलांनी भांडी बनवायची खोली शोधली, पण ती कधीच जमीनदोस्त झाली होती. पडलेल्या दगडांच्या दर्शनी बाजू गुळगुळीत होत्या. एकावरही खूण नव्हती.

"झालं! हात हलवत परत," भोंगा कुरकुरला.

"थांब. आजोबा काय म्हणतात? कधी समोर नाही, कायम बुडाशी! दगड उलटून बघायला हवेत."

"हे धोंडे? माझ्या बापाच्यानं हलणार नाहीत!"

तेवढ्यात मुकादम अंगावर आला. "ए, कोण रे तुम्ही? निघा इथून! भिंत अंगावर आली तर मला फासावर द्याल!"

"काका, फक्त दोन दगड उलटे करून द्या ना!"

"मला दुसरे धंदे नाहीत काय? चला, फुटा!"

आणि मग गोचीडनं असं भोकाड पसरलं की जेसीबीचा आवाजही फिका पडला. "माझी चप्पल! दगडाखाली अडकली! आई मारेल मला!" चप्पल खरोखरच एका दगडाखाली अर्धी गेलेली होती. ती तिथे कशी गेली, हे गोचीडला आणि देवालाच ठाऊक!

मुकादमानं कपाळावर हात मारला. "अरे, पहार आणा! ही पोर रडायची थांबली पाहिजे." दोघा मजुरांनी पहार घालून दगड उलटवला. त्याच्या खालच्या बाजूला एक मासा कोरलेला होता.

"दुसरी पण!" गोचीड हुंदके देत म्हणाली. दुसऱ्या दगडाच्या बुडाशी शिडी कोरलेली निघाली.

"मासा, शिडी... सगळ्या वेगवेगळ्या!" मिरची पुटपुटली. "म्हणजे तुरुंगाची एक खूण नव्हतीच!"

"मिरची, तो ट्रक बघ!"

भरलेला ट्रक फाटकाकडे निघाला होता. त्यातले दगड कसेही टाकलेले, उलटेसुलटे. अगदी वरच्या दगडावर शेपटीचा त्रिकोण उन्हात स्पष्ट दिसत होता. आता हा दगड गेला की त्याची खडी! मिरची धावत सुटली आणि फाटकात हात पसरून उभी राहिली. चालक मागच्या आरशात बघत होता. त्याचं समोर लक्षच नव्हतं. ट्रक जवळ आला, आणखी जवळ आला. पण मिरची हलली नाही.

"थांऽऽबा!"

भोंग्याची ती आरोळी पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेली म्हणतात. करकचून ब्रेक लागला. ट्रकचं नाक मिरचीपासून हातभर अंतरावर थांबलं.

"मरायचंय का तुला?" मुकादम धावत आला. रागानं नाही, भीतीनं त्याचा आवाज चिरकला होता. "कैद्यांनी घडवलेल्या एका दगडासाठी?"

"चुकलं, काका," मिरची म्हणाली. "पण तेवढा दगड द्या. माझ्या आजोबांच्या भावाचा प्रश्न आहे."

मुकादमानं मजुरांना दगड उतरवायला सांगितला. मिरचीनं त्यावरून बोट फिरवलं. शेपटीचा त्रिकोण होता, पण ठिपका एकही नव्हता. ती जिथल्या तिथे मटकन बसली.

"आजोबांचे तीन ठिपके. त्यांच्या बाबांचे दोन. त्यांच्या आजोबांचा एक," ती हळूच म्हणाली. "आणि ज्याचा एकही नाही तो सगळ्यात पहिला. भोंग्या, आजोबांचे पणजोबा या तुरुंगात होते. कैदी म्हणून!"

"कैदी?" भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला.

घरी आजोबा अंधाऱ्या खोलीत स्वतःचा मग मांडीवर घेऊन बसले होते. मिरचीनं सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"माझ्या बाबांनी सांगितलं होतं. पणजोबांनी घोडा चोरला. भूकबिक काही नाही हं, घोडा आवडला म्हणून चोरला! त्यांना दगड घडवायची शिक्षा झाली. कोणी किती दगड घडवले ते कळावं म्हणून ज्याची त्याची खूण. समोर केली तर फटके, म्हणून ती बुडाशी. पुढे त्यांचा मुलगा सैन्यात गेला, नातू गेला, आम्ही दोघे गेलो. सगळ्यांनी तीच खूण मिरवली आणि सगळ्यांनी ती कुठून आली ते लपवलं."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" आजोबा म्हणाले. "आधीच दादाला पळपुटा म्हणतात. त्यात चोराचा वंश कळलं तर म्हणतील, बघा, रक्तातच आहे! भ्यालो गं मी. गोळ्यांना भ्यालो नाही, माणसांच्या तोंडाला भ्यालो."

मिरचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजोबा, दालनातला मग थोरल्या आजोबांचाच आहे. तो पुलापाशी सापडला. ते पळाले नव्हते! पण ही खूण आपली आहे हे तुमच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही."

आजोबांनी मांडीवरचा मग बाजूला ठेवला. मग उठले आणि त्यांनी पेटीतून आपल्या वडिलांचा मग काढला. त्याच्या बुडाशी दोन ठिपके होते.

समारंभाला मैदान भरलं होतं. व्यवस्थापक ध्वनिक्षेपकावर गोड बोलत होते, तोच मिरचीनं विनवून मागवलेली मुकादमाची हातगाडी खडखडत मंचापाशी आली. तिच्यावर तीन उलटे दगड होते आणि मागून आजोबा चालत होते. व्यवस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, हे काय? पाहुणे बसलेत!"

"पाहुण्यांनाच दाखवायचंय," आजोबा म्हणाले आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. मिरचीनं त्यांचा हात घट्ट धरला.

"माझे पणजोबा चोर होते," आजोबा म्हणाले. "पलीकडच्या तुरुंगात त्यांनी दगड घडवले. ही त्यांची खूण. त्यांच्या पोटी सैनिक जन्मले. हा माझ्या वडिलांचा मग, हा माझा. आणि दालनात जो अज्ञात सैनिकाचा म्हणून ठेवलाय, तो माझ्या दादाचा, ज्याच्या नावापुढे ‘फरारी’ लिहिलंय!"

प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या निवृत्त सेनाधिकारी बाई खाली उतरल्या. त्यांनी दालनातला मग मागवला आणि तिन्ही मग उलटे करून दगडाशेजारी लावले. मासा पाहिला, शिडी पाहिली. मग व्यवस्थापकांकडे वळल्या. "तुरुंगाचा शिक्का आहे, असं तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"म्हणजे... सगळे म्हणायचे..." व्यवस्थापकांनी मान खाली घातली. "चूक झाली, बाई. मी तपासलंच नाही."

"तपासलं तीन पोरांनी!" बाई गरजल्या. "शेरा बदलायला मी स्वतः लिहिते. कागद त्याच्या वेळेनं येईल. पण पूल सोडून पळालेल्या माणसाचा मग पुलापाशी सापडत नसतो. शिळेवर नाव कोरायला कारागीर उद्या बोलावते."

"उद्या का?" मिरचीच्या तोंडून निघून गेलं. "खडू आहे माझ्याकडे!"

कोणीतरी हसलं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. चवड्यांवर उभी राहून मिरचीनं शिळेवरच्या शेवटच्या नावाखाली थोरल्या आजोबांचं नाव लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं. मागे बूट आपटल्याचा आवाज आला, म्हणून तिनं वळून पाहिलं. मैदानातले सगळे म्हातारे सैनिक सावधान उभे होते.

"शाबास, माझ्या वाघांनो!" आजोबा तिघांना जवळ घेत म्हणाले. मग त्यांनी काठी भोंग्याच्या हातात दिली, पाठ ताठ केली आणि त्या तिरक्या नावाला कडक सलाम ठोकला.

"दादा," ते म्हणाले, "उशीर झाला रे."