सगुणच्या ताटातली फोड

"रिपोर्ट आला, विनिता?" गौरेश सरांनी विचारलं, आणि तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

आला होता. ताटातल्या फोडीच्या तपासणीचा. चहासाठी दूध काढताना सरांच्या फ्रिजात पिवळी पूड भरलेल्या चिमुकल्या बाटल्याही तिला दिसल्या होत्या.

पेडण्यातल्या ह्याच घरी सरांचा माळी सगुण जेवता जेवता कोसळला आणि गेला. पोटात विषारी रानकांदा निघाला. स्वयंपाक हौसाचा. ती कोल्हापूरकडची, रानभाजीला मोपाच्या सड्यावर, तिथल्या कातळमाळावर जायची. तिनं चुकून तिथला कांदा आणला, असं सर म्हणाले आणि सगळ्यांना पटलं. तिला न्यायला आज फौजदार शिवदास ओसरीवर येऊन बसला होता. हौसा कोपऱ्यात स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"सांग गो बाय. सड्यावरचाच ना गो?" सर हसले.

विनिताची वनस्पतीशास्त्रातली पीएचडी ह्याच माणसाच्या सहीवर अडली होती.

"अर्धाच," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे कसा?" शिवदासनं विचारलं.

"ताटात उरलेली फोड मी तपासली. कांदा दोन जातींच्या संकराचा आहे. एक डीएनए फक्त आईकडून येतो, तो सड्यावरच्या कांद्याचा. बाप मात्र चोर्ला घाटातला."

"वाऱ्यानं, माश्यांनी झाला असेल," सर म्हणाले.

"सड्यावरचा शिमग्याला फुलतो, घाटातला दिवाळीला. ह्यांचं लग्न लागणार कसं, सर? कुणीतरी पराग थंडगार जागी जपले तरच ना!"

शिवदास सावरून बसला.

"मोपाच्या सड्यावर कांद्याची नवी जात सापडली म्हणून तुम्ही मानसन्मान मिळवलात. त्या जातीच्या तुमच्याच नमुन्याशी ही फोड हुबेहूब जुळली. ती जात रानात नाहीच, तुमच्या कुंडीत जन्मली. कुंड्यांना पाणी घालायचा सगुण. त्याला सगळं ठाऊक होतं."

"पुरावा?" शिवदासनं विचारलं.

"फ्रिज उघडा. बाटल्यांत पराग जपलेत."

सर ताडकन उठून आत धावले. शिवदासनं दारातच त्यांचं मनगट धरलं.

"जन्मभर खपलो मी!" सर ओरडले. "आणि एका माळ्यानं चार लोकांत माझी अब्रू काढायची? सांगणार म्हणाला तो! म्हणून घातली फोड त्याच्या ताटात!"

विनिता हौसाजवळ जाऊन बसली.

"बाई," हौसानं हळूच विचारलं, "म्हंजे सगुणदादा माज्या हातनं न्हाई न्हवं गेला?"

"नाही गं. तुझ्या हातून नाही."

तेव्हा कुठे हौसा मोठ्यानं रडली.