मुका टॅपेट

गाडी थोरलीची होती. थोरली म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती, तरी घरात ती अजून थोरली होती आणि म्हणून ही धाकटी. सवत हयात नसताना धाकटी! ते एक वेळ हसण्यावारी नेता येई. गाडीचं नेता येत नसे.

धाकटी मिस्त्रीची लेक आणि स्वतःही मिस्त्री. घराला लागून पत्र्याची शेड, तेच तिचं गॅरेज. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ह्या गाडीची टिकटिक तिनं पाच महिने कानाआड केली होती, कारण बाळ. बाळाला दवाखान्यातून ह्याच गाडीनं घरी आणलं आणि त्याच दिवशी टिकटिक सुरू झाली. आईच्या कुशीत ताठ होऊन टाहो फोडणारी पोर मागच्या सीटवर ठेवली, इंजिन चालू केलं, की दोन मिनिटांत गार. मुठी सैल, ओठ अर्धे उघडे. नऊ महिने पोटात वाहायचं हिनं, आणि झोप थोरलीच्या सीटवर!

"गाडीतच निजव तिला. तुझ्यापाशी नाही राहायची ती," नवरा सकाळी सहज म्हणाला. सहज म्हटलेलंच जास्त लागतं.

तो कामावर गेल्यावर तिनं बॉनेट उघडलं. इंजिन कालपासून गार होतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे खटके, गार इंजिनावरच बघायचे असतात. सासूबाई बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

"आई, आज गाडी चालू नाही होणार. टॅपेट कव्हर काढतेय."

"मग ही झोपायची कशी?"

"झोपेल. माणसांची पोरं माणसांपाशीच झोपतात."

"बघ बाई," सासूबाई म्हणाल्या.

तिनं बोल्ट काढून ओळीनं फडक्यावर मांडले. पॅकिंग चिकटलं होतं, ते हलक्या हातानं सोडवलं. कव्हर उचलताच जुन्या ऑइलचा उग्र वास आला. खाली आठ टॅपेट, मधासारख्या ऑइलनं माखलेले. ढिला टॅपेट वाजतो, एवढं तर तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. तिनं मापाची पाती एकेका टॅपेटखालच्या फटीत घातली. पाती हवी तशी, किंचित घासत आत गेली. आठही वेळा. कुठे केसाइतकी चूक नाही.

थोरलीत खोट काढायला इथेही जागा नव्हती.

मागे बाळ कुरकुरलं.

टिक-टिक. थांबून, टिक.

धाकटीचा हात जागीच राहिला. किल्ली तिच्या खिशात होती. तिनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. एकही टॅपेट हलत नव्हता. कानात मात्र स्वच्छ: टिक-टिक. टिक.

बाळ गप्प झालं.

"दोन, मग एक," सासूबाई हळूच म्हणाल्या. "थोरली अशीच थोपटायची. माझ्या लेकीची तिन्ही पोरं तिनंच झोपवली. स्वतःचं नाही ना झालं बिचारीला."

"आई, गाडी बंद आहे."

"हो ना गं." सासूबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं.

धाकटीचे वडील म्हणत, वाजणारा टॅपेट परवडला, मुका नको. फट बुजवलीस की आवाज जातो आणि मागून व्हॉल्व्ह जळतो. सगळं माहीत असून तिनं पाना उचलला. पहिल्या टॅपेटचा नट सैल केला, फट पार मिटेपर्यंत स्क्रू आवळला. मग दुसरा. तिसरा. आवाज बारीक होत गेला.

आठव्याला टिक-टिक झालं. पुढची टिक आलीच नाही.

बाळ किंचाळलं.

ते तीन तास रडलं. सासूबाईंनी अंगाई म्हटली, खिडकीशी नेलं, खुळखुळा वाजवला. तोंड निळंजांभळं व्हायला लागलं, तशी धाकटीनं त्याला ओढून घेतलं आणि आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसली. छातीशी लावलं, झुलवलं, आपल्या पद्धतीनं थोपटलं. पोर ताठच.

शेवटी लाज गिळून तिनं तसं थोपटलं.

दोन. थांबून, एक.

बाळानं लांब उसासा टाकला. मान आईच्या खांद्यावर पडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. केसांचा तो ऊबदार, दुधाळ वास घेताना धाकटीचे डोळे भरून आले. जिंकले मी, तिला वाटलं.

आता हळूहळू आपली लय धरावी, म्हणून तिनं हात आवरला.

हात आवरला नाही.

दोन. एक.

दारात पावलं वाजली. नवरा उंबऱ्यात थबकला. त्याला हिची नुसती पाठ दिसत होती, आणि थोपटणं ऐकू येत होतं.

"आलीस?" तो म्हणाला. इतक्या मऊ, इतक्या भिजल्या आवाजात.

'अहो, मीच आहे,' हे धाकटीच्या ओठांवर आलं होतं. पण ह्या आवाजात तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता.

"हो," ती म्हणाली.