तिसऱ्यांदा पुसलेलं वाक्य

“मॅडम, तिसऱ्यांदा पुसलं गेलं. तेच वाक्य.”

फोनवर उन्नती रडत होती. मनोरमाबाईंनी एव्हरशाईन वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून तिची फाइल उघडली. परदेशातल्या एम.एस.च्या अर्जाचं पर्सनल स्टेटमेंट, आणि मुदत उद्या दुपारपर्यंत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई पोरांची अशी स्टेटमेंट्स तपासून द्यायच्या. ‘जिथे दुखतं तिथूनच लिहा,’ हा त्यांचा ठरलेला मंत्र.

उन्नतीने तिथूनच लिहिलं होतं. ती सहा वर्षांची असताना तिचा धाकटा भाऊ विकी वाडीतल्या तळ्यात बुडाला. ते सगळं जागच्या जागी होतं. गायब होतं एकच वाक्य: ‘तळ्याचं फाटक मी उघडं ठेवलं होतं.’

बाई रिक्षाने थेट निर्मळ गावात, उन्नतीच्या घरी गेल्या.

“लॅपटॉप कोण कोण वापरतं?”

“मी, आईबाबा आणि जितेशदादा. काकांचा मुलगा. त्यालाही तिथेच ॲडमिशन हवीय.”

बाईंनी विचारताच जितेश भडकलाच. “मला तिचं वाटोळं करायचं असतं तर अख्खी फाइल उडवली असती! एक वाक्य काढून मला काय मिळणार?”

पोरगा उर्मट होता, पण बोलला ते खोटं नव्हतं.

उन्नतीचे वडील चंद्रहास दादरच्या बाजारात वाडीतली फुलं घालून नुकतेच आले होते.

“तुम्हाला हे लिहिलेलं आवडलं नसेल,” बाई म्हणाल्या.

“नाय आवडलं. विकीचं कशाला जगाला सांगायचं? पन मला इंग्रजी कुठे येतंय? हिला आईने शिकवलं. ती कॉन्व्हेंटची.”

“त्या दिवशी घरी कोण होतं?”

“ही आनि पोरं. मी दादरला. आलो तेव्हा सगळं संपलेलं.” त्यांनी फुलांची रिकामी टोपली खाली ठेवली. “पोरीला मी कधी एका शब्दाने बोललो नाय.”

“उन्नती, तुला फाटक उघडल्याचं आठवतं?”

“नाही. पण सगळे तसंच सांगतात ना.”

बाई तळ्यापाशी गेल्या. फाटकाची कडी त्यांच्या डोक्याच्याही वर होती.

“कडी नवी आहे?”

“माझ्या वडिलांच्या वेळची. पोरांचा हात पोचू नये म्हनून वर लावलेली,” चंद्रहास म्हणाले आणि हात उंचावून त्यांनी कडी चाचपली.

बाईंना आपला मंत्र आठवला. आपण या पोरीला नेमकं काय लिहायला लावलं?

ओटीवर उन्नतीची आई विनिता मोगऱ्याचे गजरे ओवत होती. बाई तिच्यासमोर बसल्या.

“जितेशने अख्खी फाइल उडवली असती. लाज वाटणाऱ्याने विकीचं मरणच पुसलं असतं. इथे मरण राहू दिलंय, पुसलाय तो फक्त उन्नतीचा दोष. तो खोटा आहे हे ज्याला माहीत आहे, तोच असं करेल. सहा वर्षांच्या पोरीचा हात त्या कडीला पोचत नव्हता. वडील दादरला होते. घरात मोठं माणूस एकच, आणि इंग्रजी वाचणारंही तेच. विनिताताई, फाटक तुम्ही उघडं ठेवलंत ना?”

विनिताने हातातला गजरा खाली ठेवला.

“तळ्यावरून येताना डोक्यावर हंडा, काखेत कळशी. कडी घालायची राहिली.” ती लेकीशीच बोलत होती. “हे आले, ओरडले, फाटक कोनी उघडं ठेवलं? तू समोर उभी होतीस. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. वाटलं, एवढ्याशा पोरीला कोन काय बोलनार! उद्या सांगू, उद्या सांगू म्हनत सोळा वर्षं गेली. पन तूच ते तुझ्या नावाने लिहून दिलंस, ते नाय बघवलं गं.”

चंद्रहास लेकीशेजारी येऊन बसले.

“उन्नती, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे,” बाई म्हणाल्या. “आपण नव्याने लिहू.”

उन्नती आईकडे बघत होती.

“आई, एवढ्या लांबची कॉलेजं मी का शोधली, माहितीये? तुझ्याकडे बघवायचं नाही मला. वाटायचं, हिचा मुलगा मी मारला, आणि तरी ही मला रोज जेवायला वाढते.”