इन्फिनिटी रीडिंग

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच बाबतीत घडली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी फक्त घडलं त्या क्रमाने लिहिते.

डिसेंबर २००६, संध्याकाळ. उल्हासनगरमधलं एक कॉलेज, नाव सांगत नाही. मी एस.वाय. बी.एस्सी.ला होते. फिजिकल केमिस्ट्रीचं एक प्रॅक्टिकल राहिलं होतं. त्यावर भोईर सरांची सही नसेल, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

म्हणून मी आणि माझी पार्टनर अक्षदा, दोघीच लॅबमध्ये थांबलो.

प्रयोग सोपा. ॲसिडमध्ये एस्टर घातलं की रिॲक्शन सुरू होते. एकीने स्टॉपवॉच बघून "घे" म्हणायचं. दुसरीने लगेच थोडं मिश्रण बर्फाच्या पाण्यात सोडायचं, म्हणजे रिॲक्शन मंदावते, आणि त्यात किती ॲसिड आहे ते ब्युरेटने, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीने, मोजायचं. शेवटचं रीडिंग मात्र दुसऱ्या दिवशी, रिॲक्शन संपल्यावर. त्याला इन्फिनिटी म्हणतात.

मध्येच लाइट गेली. लोडशेडिंग. खिडकीतून थोडा उजेड येत होता, तेवढ्यावर भागलं असतं.

पण बर्फ संपत आला.

"मी खालून घेऊन येते," अक्षदा म्हणाली. "पुढच्या टायमिंगच्या आत आलेच."

ती गेली.

थोड्या वेळाने दार वाजलं.

मग बाटल्यांच्या रॅकमागून आवाज आला...

"घे."

मी घेतलं.

"बर्फ मिळाला का गं?"

मी न वळताच विचारलं. माझी नजर ब्युरेटवर होती.

पुन्हा... "घे."

उरलेल्या बर्फावर भागवत मी रीडिंग घेत राहिले. त्या दिवसातलं शेवटचं झालं, तेव्हा आवाज म्हणाला...

"इन्फिनिटी... सव्वीस पॉइंट आठ."

मला राग आला. सीनियर्सचे आकडे उतरवून रीडिंग कुक करायची आमच्याकडे पद्धतच होती.

"अक्षे, मला कुक करायचं नाहीये. बाहेर ये."

दार उघडलं. अक्षदा आत आली. धापा टाकत, हातात बर्फाची पिशवी.

"सॉरी यार. बर्फवाला सेठ सुट्टा देतच नव्हता. बोलला, पूरी लादी लो. लादी काय डोक्यावर घेऊन घरी बदलापूरला जाऊ? सगळी टायमिंग गेली ना?"

तिने ॲप्रनच्या खिशातून स्टॉपवॉच काढलं.

ते तिच्यासोबतच गेलं होतं.

मी रॅकमागे जाऊन पाहिलं. भिंत. माणूस मावेल एवढी जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्षदाला माझा संशय आला होता. मला तिचा. सरांना दोघींचा.

"घड्याळ हिच्याकडे, रीडिंग तुझ्याकडे," सर म्हणाले. "मग वेळ कुणी सांगितली, यशोधरा? भिंतीने?"

मी आवाजाचं सांगितलं. आकडाही सांगितला.

"बरं. इन्फिनिटीसाठी ठेवलेली मिश्रणाची बाटली बंदच आहे ना? मी स्वतः बघतो. नाही जुळलं तर पुढच्या वर्षी या."

सर ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होते.

गुलाबी रंग टिकला, म्हणजे मोजणी पूर्ण झाली. त्यांनी ब्युरेट वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

सव्वीस पॉइंट आठ.

त्यांनी ग्राफ काढायला लावला. सगळे बिंदू एका रेषेत आले. म्हणजे वेळाही बरोबर होत्या.

सरांनी ग्राफ खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "रॅकमागून बोलली का?"

मी रॅकचं काहीच बोलले नव्हते. आवाज बाईचा होता, हेही नाही.

"सर, कोण आहे ती?"

"परीक्षेचं बघ," ते म्हणाले, आणि सही केली.

परीक्षेत प्रत्येकीने एकटीने करायचं असतं. चिठ्ठीत मला तोच प्रयोग आला. भर दुपार. टेबल खिडकीजवळ, रॅकपासून लांब. स्टॉपवॉच माझ्याच हातात. मी सारखी कानोसा घेत होते.

काही ऐकू आलं नाही.

मला हायसं वाटलं.

शेवटी बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक मॅडम टेबलाशी आल्या.

"काम नीटस आहे तुझं. पण मार्क कापावे लागतील."

"का, मॅडम?"

"परीक्षेत पार्टनर चालत नाही. मघापासून तुझ्या मागे उभी राहून 'घे, घे' करत होती... ती कुठे गेली?"

मी मागे वळून पाहिलं नाही.

आता मी अंबरनाथला एका लॅबमध्ये काम करते. मागून कधीच काही ऐकू येत नाही...

आणि मला त्याचाच भरवसा वाटत नाही.