बातिस्तच्या वाटणीचं धिरडं

दार लोटून घ्या, पोरांनो. नदीवरचा गारवा आत येतो आहे. ही हकीकत माझ्या मित्राची, लुसियाँची. जे मी स्वतः पाहिलं आणि जे मला त्याने सांगितलं, त्यांची सरमिसळ मी होऊ देणार नाही.

गेल्या वर्षीची दोन फेब्रुवारी, शुक्रवार, मेणबत्त्यांचा सण. माझ्या मळ्यातल्या वाइनच्या दोन पेट्या पोचवायला म्हणून मी संध्याकाळी पोआतिएला लुसियाँच्या घरी गेलो होतो. त्याचं आणि सोलांजचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दोघंही साठीच्या पुढची. लुसियाँचं हे पहिलंच लग्न, सोलांजचं दुसरं. तिचा पहिला नवरा बातिस्त काही वर्षांपूर्वी हृदय बंद पडून गेला. त्याला मोटरहोमचं, म्हणजे आतच राहता-झोपता येतं अशा गाडीचं, वेड होतं. दर सुट्टीत तो आणि सोलांज आमच्या या लुआरच्या खोऱ्यात यायचे. आज एखाद्या किल्ल्याखाली, उद्या कुणाच्या द्राक्षमळ्यात मुक्काम करायचे.

लग्नानंतर लुसियाँने पहिलं काम कोणतं केलं असेल, तर बातिस्तची ती जुनी गाडी भंगारात काढली. चांगली चालती गाडी होती. घ्यायला गिऱ्हाईकही आलं होतं; पण ती दुसऱ्या कुणी चालवलेली त्याला सोसणार नव्हती. यंत्राने ती चेपली, तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. नंतर त्याने एक नवी, तिच्याहून बरीच लांब गाडी घेतली.

त्या संध्याकाळी मे महिन्यातल्या सुट्टीचा बेत चालला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लुसियाँने नकाशा पसरला होता आणि सोलांज शेगडीपाशी सणाच्या धिरड्यांचं पीठ घोटत होती. दूध, अंडी, नारिंगीच्या फुलांचा अर्क. घरभर तो वास होता.

"शिनाँ," लुसियाँ नकाशावर बोट ठेवून म्हणाला.

"गेलोय की आम्ही," सोलांज पाठमोरीच म्हणाली. "किल्ल्याखाली, अगदी नदीला लागून. बातिस्तला तिथला वारा फार आवडायचा."

सोम्यूरलाही ती दोघं गेली होती. आझेला तर इतक्यांदा, की तिथल्या पाववालीने सोलांजला लेकीच्या बारशाला बोलावलं होतं. सोलांजच्या बोलण्यात खोच मुळीच नव्हती. विचारलं तेवढं ती सांगत होती. मात्र प्रत्येक 'आम्ही'बरोबर लुसियाँच्या कानांच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या.

"सोलांज, मला असा एक किल्ला दाखव," अखेर तो म्हणाला, "जिथं तुझं हे 'आम्ही' झोपलेलं नाही."

"मग चाळीस वर्षं आधी भेटायचं होतंस," ती हसली. "शिळी बायको केलीस आणि आता ताजी जागा मागतोस होय?"

मी हसलो. लुसियाँ हसला नाही. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, सोलांज कधी माझ्या मळ्यावर आली आहे का. मी आठवून पाहिलं. बातिस्तची आणि माझी ओळख नव्हती. मळ्यावरचा आमचा पडका किल्ला पाहायला कुणी मुद्दाम येत नाही. सोलांजनेही नकाशावर वाकून पाहिलं आणि, नाही, इथं कधीच नाही, असं सांगितलं. लुसियाँने तिथं पेन्सिलीने इतक्या जोरात गोल काढला, की कागद फाटला.

तेवढ्यात पहिलं धिरडं तव्यावरून उतरलं. तुमच्या घरीही हे पाळत असतीलच: पहिलं खायचं नाही, कपाटाच्या माथ्यावर वर्षभर ठेवायचं. सोलांजने ते कागदात गुंडाळलं आणि लुसियाँच्या हातात दिलं.

"गाडीत ठेवून ये. वरच्या कप्प्यात."

"कपाटावर ठेव ना, चारचौघांसारखं."

"आम्ही गाडीतच ठेवायचो. बातिस्त म्हणायचा, मग वाटेत गाडी दगा देत नाही."

लुसियाँ ते घेऊन बाहेर गेला.

आता यापुढचं मी पाहिलेलं नाही. त्याने मला नंतर सांगितलं. अंगणात अंधार पडला होता. तो गाडीत शिरला, दार लावून घेतलं, आतल्या टेबलाशी बसला. दिवा लावला नाही. कागद सोडला आणि ते धिरडं खाऊन टाकलं. सगळं.

"भूक नव्हती, आन्सेल्म," तो मला म्हणाला. "ते त्याला मिळायला नको होतं, एवढंच."

शेवटचा घास तोंडात असताना गाडी कलली.

तुम्ही गाड्यांमधून फिरता, तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच्या पायरीवर कुणी पाय ठेवला, की गाडी त्या अंगाला किंचित दबते. त्याला वाटलं, सोलांज आली.

"खाल्लं मी," तो दाराकडे न पाहता म्हणाला. "काय म्हणायचंय ते म्हण."

मग त्याने मान वळवून पाहिलं.

दार उघडलं नव्हतं...

मग गाडी दुसऱ्या अंगाला कलली. पुढच्या बाजूला. चालकाच्या आसनाकडे. गादीतली हवा सावकाश निघावी, तसा आवाज झाला. कुणी तरी बसलं होतं.

लुसियाँ हलला नाही. खिडकीतून त्याला स्वयंपाकघर दिसत होतं. सोलांज शेगडीपाशी. मी टेबलाशी. दोघंही आत.

आणि गाडी तशीच कललेली...

किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. तो उठला. दाराकडे एक पाऊल. त्याच्याबरोबर पुढचं आसनही कुरकुरलं. तो थांबला. तेही थांबलं.

मी पाहिलं ते इतकंच: तो आत आला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सोलांजने विचारलं, ठेवलंस? तो म्हणाला, ठेवलं. त्या रात्री त्याने एकही धिरडं खाल्लं नाही.

मला वाटलं होतं, आता बेत मोडणार. पण झालं उलटंच. माझ्या मळ्याखेरीज दुसरं कोणतंही ठिकाण त्याला चालेना. दर आठवड्याला फोन: त्या दिवशी गाड्या लावायच्या तुझ्या कुरणात दुसरं कुणी नसेल ना? मी त्याला शब्द दिला.

मे महिन्यातला, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा गुरुवार होता. दुपारी दोघं आली. खालच्या कुरणात फक्त त्यांचीच गाडी. संध्याकाळी गवतात टेबल मांडून आम्ही तिघं जेवलो. बकरीचं चीज, पाव, माझी गुलाबी वाइन. किल्ल्याच्या भिंतीवरचं ऊन उतरेपर्यंत सोलांज पाहत बसली.

"इथं आपण पहिल्यांदाच हं," ती म्हणाली.

आपण. लुसियाँने माझ्याकडे पाहिलं. साठी उलटलेल्या माणसाचा चेहरा इतका सुखी मी क्वचित पाहिला आहे.

रात्री कुणी आलं नाही. हे मी खात्रीने सांगतो. कुरणाचं फाटक मी स्वतः कुलूप लावून बंद केलं होतं आणि किल्ली माझ्या उशाशी होती. कुत्राही भुंकला नाही.

सकाळी मी पाव घेऊन खाली गेलो. दव भरपूर पडलं होतं. सगळं कुरण पांढरं. लुसियाँ गाडीबाहेर उभा होता, अनवाणी. मी हाक मारली. त्याने मान वळवली नाही.

त्यांच्या गाडीच्या शेजारी, दार उघडण्यापुरतं अंतर सोडून, गवतावर दव नव्हतं.

एक लांबट चौकोन, रात्रभर तिथं गाडी उभी असावी तसा. कडा सरळ. त्यांच्या गाडीपेक्षा आखूड.

मी भोवती फिरून पाहिलं. चाकांच्या खुणा नव्हत्या. आत येणाऱ्या नाहीत, बाहेर जाणाऱ्या नाहीत. चहूकडे दव अखंड.

सोलांज कॉफीचा वाडगा घेऊन पायरीवर आली. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. केस सारखे केले... आणि आत गेली.

लुसियाँने तिला केस सारखे करताना पाहिलं होतं.

मग तो खाली वाकला. त्या चौकोनात हात ठेवला. तसाच ठेवून राहिला. मीही वाकलो, हात लावला.

गवत कोरडं होतं. आणि गरम.